१४व्या शतकातला युरोपीय झगा शिवायचाय, लोकरीचं कापड कुठलं घेऊ?

आधी वजन बघा. अंगाबरोबर बसणाऱ्या झग्याला चौरस मीटरला २५० ते ३५० ग्रॅम पुरे. बाहेरच्या कोटाला किंवा हुडाला ४०० च्या पुढचं चालेल. जाड म्हणजे अस्सल, असं काही नसतं. कोटाचं जाड कापड झग्याला वापरलंत तर चुण्या पडणारच नाहीत, नुसता तंबू दिसेल.

विणीत साधी किंवा तिरकी ट्विल घ्या. ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्स्नेस या मध्ययुगीन नॉर्स वस्तीच्या दफनभूमीत १९२१ साली सापडलेले बहुतेक कपडे ट्विलचे आहेत. पाण्यात घोटून घट्ट केलेलं, किंचित लव आलेलं कापड मिळालं तर सोडू नका. त्याची कापलेली कड सहसा उसवत नाही. सूटिंगचं चकचकीत कापड मात्र नको.

दुकानदाराच्या ‘प्युअर वूल’वर जाऊ नका. दोन धागे जाळून बघा: केस जळल्यासारखा वास आणि चुरडणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर.

रंग मंजिष्ठा-कुळातल्या मॅडरचा विटकरी, वेल्ड या वनस्पतीचा पिवळा किंवा वोड या वनस्पतीचा निळा शोभेल. आणि कापण्याआधी कापड धुऊन घ्या. मी घाई केली होती. तो झगा आता भाचीला होतो.