आधी व्यसन सोडायचं की आधी छप्पर द्यायचं?

प्रश्न : ताई, आमच्या भागात भाडी वाढली, कामं गेली, आणि आता पुलाखाली, बंद पडलेल्या इमारतींच्या आडोशाला झोपणारी माणसं खूप दिसतात, बरीचशी नशेत असतात. शेजारी म्हणतात हे नशेपायीच रस्त्यावर आलेत, आधी सोडू दे मग घराचं बघू. मला पटत नाही पण उत्तर देता येत नाही.

उत्तर : नशेपायी घर जातं हे खरंच आहे हो, काम सुटतं, भाडं थकतं, घरचे थकून दार लावून घेतात. पण नशा करणारे कितीतरी जण चांगले घरात राहतात, त्यांचं घर टिकतं कारण भाडं परवडतं नाहीतर कुणीतरी सांभाळून घेतं. अमेरिकेत नशेच्या ओव्हरडोसने मरणाऱ्यांचं प्रमाण वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वर्षानुवर्षं सगळ्यात वरचं आहे, तरी बेघरांचं प्रमाण कॅलिफोर्नियात कितीतरी जास्त, कारण तिथली भाडी.

आणि रस्त्यावर आल्यावर काय होतं ते शेजाऱ्यांना सांगा. रात्री डोळा लागला की सामान जातं, मार बसतो, बाईला तर झोपायचीच भीती, मग जागं राहायला कुणी मेथसारखं काहीतरी घेतं आणि दिवसा झोप यावी म्हणून दारू नाहीतर गोळ्या, असं करत करत आधी कधी न घेणाराही अडकतो. थंडीत दारूने ऊब वाटते पण अंगातली उष्णता उलट लवकर निघून जाते, त्यात माणसं मरतात.

'आधी सोड' म्हणणं सोपं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं असतं. त्यात बरेच निवारे प्यालेल्याला आत घेत नाहीत, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर. आणि समजा उपचार झाले, पण डिस्चार्ज मिळून परत त्याच फुटपाथवर? हेरॉइनसारख्या नशेत तर हे फारच धोक्याचं, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचाच डोस जीव घेतो.

म्हणून मी छप्पर आधी म्हणते. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी हेच सुरू केलं, 'हाउसिंग फर्स्ट', नशा सोडायची अट न घालता घर आणि सोबत मदत करणारी टीम. कॅनडाने 2009 ते 2013 पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या बेघरांवर याची मोठी चाचणी घेतली, शेवटच्या सहा महिन्यांत असं घर मिळालेल्यांतले 62 टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, नेहमीच्या सेवा मिळालेल्यांत 31 टक्के. आता हेही सांगायला हवं की नशा मात्र दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली. म्हणजे नुसत्या किल्लीने व्यसन सुटत नाही, हेरॉइनसारख्या नशेची तलफ आटोक्यात ठेवणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं, समुपदेशन, काम हे सगळं लागतंच. पण हे सगळं ज्याला पत्ता आहे, दार आहे, औषध ठेवायला जागा आहे त्यालाच धड घेता येतं ना? नेहमीच्या सेवांच्या गटातले कितीतरी जण घराबाहेर राहिले, तरी त्यांची नशा काही जास्त कमी झाली नाही, मग ती अट कशासाठी घालायची?

प्रश्न : असं कुणी निपचित पडलेलं दिसलं तर काय करावं? पैसे द्यावे का?

उत्तर : पैशाचं तुमच्या मनावर, मी बोलते आणि नाव विचारते, ते जास्त लोक करत नाहीत. निपचित असेल तर प्यायलाय म्हणून पुढे जाऊ नका, हाक मारा, खांदा हलवा, श्वास बघा. श्वास खूप हळू, घोरल्यासारखा, ओठ निळसर असले तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात अडकत नाही, आणि बंद पडला तर फोनवर सांगतील तसा सीपीआर द्या, म्हणजे छाती दाबत राहा. ओपिऑइड म्हणजे हेरॉइनसारखी नशा असेल तर नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने श्वास परत येतो, पण त्याचा असर नशेच्या आधी उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.