जुन्या झेनसाठी स्ट्रट बार घरच्या घरी बनवता येईल का?

स्ट्रट बार म्हणजे बॉनेटखाली पुढच्या दोन स्ट्रट टॉवरांना (पुढच्या चाकांचे स्प्रिंगसकट शॉक अॅब्झॉर्बर, म्हणजे स्ट्रट, वर जिथे बॉडीला बसतात ते उंचवटे) जोडणारा आडवा दांडा. तुम्ही विचारलंय की जुनी मारुती झेन वळणावर पुढून सैल वाटते, विकतचा बार महाग पडतो, तर पाईप आणि पट्टी आणून स्वतःच बनवला तर चालेल का. चालतो. मी इथे बडोद्यात माझ्या कार्ब्युरेटरवाल्या झेनसाठी दोन बनवले. त्यातला पहिला सध्या परसात दोडक्याच्या वेलाला आधार देतोय.

त्या पहिल्याची हकीगत आधी सांगतो, कारण बहुतेक जण तीच चूक करतात. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका फॅब्रिकेटरला मोबाईलवर फोटो दाखवला. "थई जशे" (होऊन जाईल), म्हणाला, आणि दोन तासांत झालंही. 25 मिमीचा पाईप, एअर क्लीनरवरून जावा म्हणून मधे चांगला 50 मिमी उचललेला, टोकांना 3 मिमीच्या वाकवलेल्या पट्ट्या. काळा रंग दिल्यावर दिसायला झकास. पावागडला माचीपर्यंत गाडी चढवून आणली आणि येताजाता सगळ्यांना सांगत सुटलो, काय चोख वळते आता!

बाबा कलाभवनचे, म्हणजे बडोद्यातल्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेचे, डिप्लोमावाले. त्यांनी एवढंच विचारलं, "मोजलंस का?"

मोजायचं कसं, तेही त्यांनीच दाखवलं. वळताना बाहेरच्या चाकाचा स्ट्रट त्याच्या टॉवरचं डोकं आत ढकलतो आणि दोन टॉवरांमधलं अंतर किंचित बदलतं. बार असतो तो हे थोपवायला. एकात एक सरकणारे दोन बारीक पाईप घ्यायचे, एकेक टोक एकेका टॉवरला पक्कं करायचं, आणि आतल्या पाईपावर घट्ट बसणारी रबरी रिंग बाहेरच्या पाईपाच्या तोंडाशी टेकवायची. टॉवर जवळ आले की रिंग सरकते आणि तिथेच राहते. गाडी थांबवून फट मोजायची. एकच सर्कल, एकच वेग, दोन फेऱ्या. बार नसताना फट आली मिलिमीटरपेक्षा जरा कमी. बार लावून? तेवढीच. म्हणजे माचीच्या घाटात वळत होतं ते माझं मन.

कारण कागदावर लगेच सापडलं. 25 मिमी व्यासाचा, 2 मिमी जाडीचा, 900 मिमी लांबीचा लोखंडी पाईप अगदी सरळ असेल, तर त्याला लांबीत 1 मिमी दाबायला साधारण सव्वातीन टन लागतात. तोच पाईप टोकांच्या रेषेपासून 50 मिमी वर उचलून नेला आणि टोकं पातळ पट्टीमुळे झुकायला मोकळी असतील, तर तेवढंच काम 85 किलोत होतं. पाईप दबत नाही, धनुष्यासारखा वाकतो. उचल 15 मिमीवर आणली की पुन्हा साडेसातशे किलोच्या आसपास जातो. म्हणून "सीमलेस (बिनजोड) घेऊ की ईआरडब्ल्यू (लांबीत वेल्ड केलेला), 25 की 32" या चर्चेत फार रमू नका. बाक किती आणि टोकं किती घट्ट, यावर सगळं आहे. भरीव सळई तर नकोच: 25 मिमीची सळई पाईपाच्या तिपटीहून जड, आणि तीही वाकवली तर व्हायचं तेच होणार.

दुसऱ्या बारला पाईप त्याच मापाचा घेतला. एअर क्लीनरचं नळकांडं फिरवून वाट काढली, तरी 15 मिमीची उचल राहिलीच. प्लेटी 5 मिमीच्या, आणि प्लेट-पाईपच्या कोनात त्रिकोणी तुकडे वेल्ड केले. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून भोकं जुळवली. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी हवी. जॅकवर घेतलेल्या गाडीचं माप घेऊ नका. प्लेटी टॉवरवर बसवल्या, त्यांना आडवी प्लायची पट्टी बोल्टने आवळली, आणि तो सांगाडा तसाच उचलून वेल्डिंगला नेला. तिथे जाड अँगलवर क्लॅम्प करून आधी टाके (ठिपक्याएवढे वेल्ड), मग पूर्ण वेल्ड, आणि थंड होईपर्यंत क्लॅम्प काढायचा नाही. नाहीतर वेल्ड आकसून भोकं एक-दोन मिमी सरकतात, मग कानस घेऊन भोकं लांबट करावीशी वाटतात. तशी केलीत तर बार तिथेच खेळत राहील. गाडीवर, पेट्रोलच्या नळीशेजारी वेल्डिंग तर मुळीच नको.

बसवताना टॉवरवरचे बाहेरचे नटच काढा. मधल्या मोठ्या नटाला पाना लावायचा नाही. त्याच्या खाली दाबलेली स्प्रिंग आहे, हात जाईल. गाडी जमिनीवरच ठेवा. 5 मिमीची प्लेट मधे आल्यावर नट पूर्ण आवळून स्टडचे (टॉवरमधून वर आलेल्या बोल्टचे) दोन तरी आटे बाहेर दिसले पाहिजेत. नसतील तर तो बार लावू नका.

बॉनेट आपटतं का हे बघायला आईकडून कणकेचा गोळा मागितला, बारवर ठेवला, बॉनेट हळूच लावलं. गोळा किती चपटा झाला तेवढी जागा. इंजिन झटक्याला हलतं, तेव्हा त्या बाजूला बोटभर तरी अंतर सोडा.

फिरवून लांब-आखूड होणारे, टोकाला बॉल असलेले बार मिळतात. बसवायला सोपे, पण टोकं मोकळी फिरतात, कालांतराने खडखडतात. लोक ते जोर लावून ताणतात आणि टॉवर बाहेर ढकलून चाकांची अलाइनमेंट घालवतात.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर बंधन आहे. त्यामुळे बॉडीला काही वेल्ड करू नका, बोल्टवर निघेल असंच ठेवा, आणि विमा कंपनीला आधी विचारा.

दुसऱ्या बारने रिंग जेमतेम नखाच्या जाडीएवढी सरकली. पण खरं सांगू? झेन "सैल" वाटायची ती लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि एक बॉल जॉइंट गेल्यामुळे. ते बदलले त्या दिवशी जो फरक पडला तो बारने पडला नव्हता. तुम्हीही आधी गाडी लिफ्टवर घ्या आणि लोअर आर्मला टॉमी (लोखंडी पहार) लावून हलवून बघा. तिथे काही नाही निघालं, तर रिंग लावा आणि फट किती आली ते खाली लिहा. प्लेटीचं माप काढून देतो.