लाईट गेली की सोलरपण बंद, असं का?

प्रश्न: ताई, आम्ही परभणीला राहतो, मागच्या महिन्यात गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, पण भर दुपारी कडक ऊन असताना लाईट गेली की सोलरपण बंद पडतं, फसवलं का आम्हाला?

उत्तर: नाही हो, तुमची सिस्टीम ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाईनला जोडलेली दिसतेय. पॅनलमधून डीसी करंट (बॅटरीसारखा, एकाच दिशेचा) येतो, इन्व्हर्टर त्याचा एसी (घरात वापरतो तो) करतो अन् तो लाईनच्या व्होल्टेजशी, ५० हर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीशी जुळवून घेतो, आता लाईनच नसली की तो आपोआप बंद होतो. अन् ते व्हायलाच पाहिजे, कारण तिकडं खांबावर वायरमन लाईन बंद आहे समजून काम करत असतो आणि तुमच्या गच्चीवरून करंट उलटा गेला तर त्याच्या जिवावर बेतेल. लोडशेडिंगमध्ये पंखा चालवायचाच असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाईन नसताना बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो, लाईट रोज तासन्‌तास जात असेल तरच करा असं मला वाटतं. आणि हो, मे महिन्यात ऊन कितीही असलं तरी युनिट तेवढे वाढत नाहीत, पॅनलची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते, तापलं की वीज कमी होते. धूळ मात्र पुसत जा, सकाळी पॅनल थंड असताना.