वाचक विचारतात: अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल, शिट्ट्या आणि बदलते नियम

मुलगा नॉर्थ कॅरोलिनात शिकतोय, त्याच्यामुळे मलाही कॉलेज बास्केटबॉलचं वेड लागलं, सकाळी चहा घेत मॅच बघते. पण शेवटची दोन मिनिटं संपतच नाहीत! घड्याळात दोन मिनिटं आणि घरात वीस मिनिटं. हे असं का, आणि कोणी काही करत का नाही? – एक वाचक, नाशिक

ताई, तुमचा वैताग अगदी खरा आहे आणि तिथले चाहतेसुद्धा वर्षानुवर्षं हेच बोलतायत. होतं असं की मागे पडलेल्या टीमला घड्याळ थांबवायचं असतं आणि घड्याळ थांबवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मुद्दाम फाऊल करणं. समोरचा फ्री थ्रो (कोणी अडवत नसताना मारायचा शॉट) मारायला जातो, चुकला तर बॉल परत आपल्याकडे, मग आपण पटकन बास्केट टाकायचा, परत फाऊल, परत थांबा. मुलांच्या मॅचमध्ये एका हाफमध्ये समोरच्या टीमचे सात फाऊल झाले की पहिला फ्री थ्रो बास्केटमध्ये पडला तरच दुसरा मिळतो आणि दहाव्या फाऊलपासून सरळ दोन मिळतात, म्हणजे मागे असलेल्या टीमला सातव्या ते नवव्या फाऊलपर्यंत जुगार खेळायला भरपूर वाव आहे, कमी टक्केवारीचा खेळाडू बघून त्यालाच पकडायचं. त्यात दोन्ही कोचनी टाइमआउट शेवटासाठी राखून ठेवलेले, शेवटच्या मिनिटात बास्केट पडला तरी घड्याळ थांबतं, आणि त्यावर पंच मॉनिटरवर रिप्ले बघायला गेले की झालंच.

कोणी काही करत नाही असं मात्र नाही. 2015-16 च्या सीझनपासून टाइमआउट पाचाचे चार केले आणि त्यातले तीनच दुसऱ्या हाफमध्ये नेता येतात, शिवाय बॉल खेळात असताना कोचला बाजूला उभं राहून टाइमआउट मागता येत नाही, तो खेळाडूनेच मागायचा. याने थोडा फरक पडला. पण टीव्हीचे जाहिरातीवाले टाइमआउट आहेत तिथेच आहेत, प्रत्येक हाफमध्ये घड्याळ 16, 12, 8 आणि 4 मिनिटांच्या खाली आलं की पुढच्या शिट्टीला ब्रेक. दोन टीम मस्त धावतायत, प्रेक्षक उभे राहिलेत, आणि नेमका तेव्हा ब्रेक! मला विचाराल तर खेळाचा वेग कापण्यात या ब्रेकचा वाटा मुद्दाम केलेल्या फाऊलइतकाच मोठा आहे, फक्त शिव्या पंचांना पडतात कारण शिट्टी त्यांच्या तोंडात असते.

एनबीएत शॉट मारायला 24 सेकंद, आपल्याकडे खेळतो त्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमात पण 24, मग कॉलेजच्या मुलांना 30 कशाला? 24 केलं की वेग आपोआप वाढेल ना? – बास्केटबॉलप्रेमी, नागपूर

आपोआप नाही वाढणार, पण आधी हे 30 कुठून आले ते बघू कारण गोष्ट भारी आहे. मुलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कित्येक वर्षं शॉट क्लॉकच (ठरावीक सेकंदांत शॉट मारायची सक्ती) नव्हतं, म्हणजे बॉल हातात घेऊन पास करत बसलात तरी कोणी काही बोलू शकत नव्हतं. 1973 मध्ये टेनेसीने टेम्पलला 11-6 असं हरवलं, हा हाफचा स्कोअर नाही, अख्ख्या मॅचचा. 1979 मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या मॅचमध्ये हाफटाइमला 7-0 होतं. आणि 1982 च्या एसीसी या कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटाच्या) फायनलला नॉर्थ कॅरोलिनाकडे जेम्स वर्दी आणि तेव्हा पहिल्या वर्षाला असलेला मायकल जॉर्डन, समोर व्हर्जिनियाकडे राल्फ सॅम्पसन, एवढे खेळाडू कोर्टवर असताना नॉर्थ कॅरोलिनाचे कोच डीन स्मिथ यांच्या टीमने बॉल धरून ठेवला आणि मॅच 47-45 ला संपली. टीव्हीवर ती मॅच बघणाऱ्यांची जी निराशा झाली त्याने शॉट क्लॉकच्या मागणीला मोठं बळ मिळालं. मग 1985-86 ला 45 सेकंद, 1993-94 ला 35 आणि 2015-16 ला 30. मुली यात मुलांच्या फार पुढे होत्या, त्यांच्याकडे 30 सेकंदाचं क्लॉक सत्तरच्या दशकापासूनच आहे.

आता 24 बद्दल. कॉलेजच्या टीममध्ये सगळेच एनबीएला जाणारे नसतात, बहुतेक नसतातच. एखाद्या छोट्या कॉलेजची टीम मोठ्यांना हरवते ती याच 30 सेकंदांच्या जोरावर, शांतपणे पाच-सहा पास करून, समोरच्याला दमवून. मार्च महिन्यातली ती मोठी नॉकआउट स्पर्धा आपण ज्या उलथापालथींसाठी बघतो त्या यातूनच येतात. 24 केलं तर पझेशन (बॉल ताब्यात यायच्या पाळ्या) वाढतील पण घाईघाईचे वाईट शॉटही वाढतील, आणि दर वेळी एकाच स्टारने बॉल घेऊन आत घुसायचं असा खेळ होईल. मला तरी 30 आवडतं. ऑफेन्सला रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) मिळाला तर आता पूर्ण 30 न देता 20 सेकंदच मिळतात, 2019-20 पासून, हा बदल मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

कॉलेजमध्ये खेळतो, गार्ड आहे. तिकडच्या मॅचमध्ये एकाच प्रकारच्या धक्क्याला एकदा फाऊल देतात, एकदा सोडून देतात. पंचच कमी पडतात असं नाही का वाटत? – एक खेळाडू, पुणे

हा प्रश्न माझ्या सगळ्यात जवळचा आहे म्हणून जरा लांब लिहितो. 2012-13 च्या सीझनला टीमची मॅचमागची सरासरी 67-68 पॉइंटवर आली होती, कित्येक दशकांतली सगळ्यात कमी, आणि मुख्य कारण म्हणजे डिफेन्सला धरपकडीची सवय लागली होती, ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात, स्क्रीन (डिफेंडरच्या वाटेत उभा राहिलेला साथीदार) घेऊन पळणाऱ्याला ढकलायचं, सगळं चालायचं. मग 2013-14 ला पंचांना स्पष्ट सांगितलं की बॉलवाल्यावर हात ठेवून राहिला, दोन्ही हात लावले, हात आडवा घालून अडवलं तर फाऊल द्या. सीझनच्या सुरुवातीला नुसत्या शिट्ट्या! फ्री थ्रोच्या रांगा, कोच संतापलेले, प्रेक्षक कंटाळलेले. पण तरी त्या वर्षी स्कोअर 71 च्या आसपास गेला. आणि पुढच्याच वर्षी, नियम तोच असताना, परत 67-68. कारण महिने जातील तसे पंच सैल पडले, कोच ओरडतात, घरचं पब्लिक ओरडतं, कोणाला वाटतं खेळ वाहता राहू दे, आणि धरपकड हळूहळू परत आली. 2015-16 ला 30 सेकंदाचं क्लॉक आणलं आणि सोबत परत एकदा धरपकडीवर कडक व्हायला सांगितलं तेव्हा कुठे स्कोअर 70 च्या वर गेला.

यातून मला जे दिसतं ते असं, की शिट्ट्या जास्त वाजल्याने खेळ कायमचा मंदावत नाही, सुरुवातीचे दोन महिने मंदावतो आणि मग खेळाडू हात मागे घ्यायला शिकतात आणि खेळ उघडतो. पण तो शिकायला वेळ मिळायच्या आत पंच सैल झाले तर दोन्हीकडून नुकसान, शिट्ट्यांचा त्रासही झाला आणि फायदाही गेला. आणि हे पंच कोण, तर बहुतेक जण मानधनावर काम करणारे, कॉन्फरन्स त्यांना मॅचप्रमाणे बोलावते, आज एका शहरात उद्या दुसऱ्या. आज एका कॉन्फरन्सच्या पद्धतीने आणि परवा दुसरीच्या, तर एकसारखेपणा येणार कुठून? कमतरता माणसांत नाहीये, व्यवस्थेत आहे.

तू गार्ड आहेस तर चार्ज (धडक देणाऱ्याचा फाऊल) आणि ब्लॉकचं (अडवणाऱ्याचा फाऊल) बघ. 2023-24 पासून असं आहे की शॉटसाठी उडी मारायला ऑफेन्सवाला पाय रोवतो त्या क्षणी डिफेंडर जागेवर असायलाच हवा, नंतर सरकत येऊन छातीवर धडक घेतली तर फाऊल डिफेंडरचा. हा बदल मला मनापासून पटला, कारण आत घुसणाऱ्या पोराखाली येऊन पडणं हा डिफेन्स नाही, त्यात दुखापतीही होतात. धक्का लागल्याचं नाटक करून पडणाऱ्यालाही 2022-23 पासून टेक्निकल (वर्तनासाठीचा फाऊल) आहे, समोरच्याला एक फ्री थ्रो.

मुलींच्या मॅच जास्त सलग वाटतात. भास आहे का? – कोल्हापूर

भास नाही. 2015-16 पासून मुली 10 मिनिटांचे चार क्वार्टर खेळतात आणि प्रत्येक क्वार्टरला टीम फाऊल शून्यावर येतात, पाचव्या फाऊलला सरळ दोन फ्री थ्रो. मुलांच्या हाफमध्ये एखाद्या टीमचे आठ मिनिटांतच सात फाऊल झाले तर उरलेली बारा मिनिटं नुसतं फ्री थ्रो लाइनवर चालत जाणं. मुलांनी 2018 च्या एनआयटी या स्पर्धेत क्वार्टर करून बघितले होते, नियम समितीने 2025 मध्ये याच दिशेने जायला अनुकूलता दाखवली. माझं मत विचाराल तर कालच व्हायला हवं होतं.

रिप्ले हवा की नको? – एक वाचक, ठाणे

हवा, पण मोजून. 2019 च्या फायनलला व्हर्जिनिया आणि टेक्सास टेक ओव्हरटाइममध्ये असताना बॉल टेकच्या खेळाडूच्या करंगळीला जेमतेम लागून बाहेर गेल्याचं रिप्लेत दिसलं आणि बॉल व्हर्जिनियाला मिळाला, पुढे ते 85-77 ने जिंकले. निर्णय बरोबर, पण कोर्टवर तो साध्या डोळ्याला दिसणं अशक्य होतं. आणि त्याच व्हर्जिनियाने सेमीफायनलला ऑबर्नविरुद्ध शेवटच्या सेकंदांत केलेला डबल ड्रिबल (थांबवून परत ड्रिबल करण्याची चूक) पंचांकडून सुटला, तो रिप्लेने तपासताच येत नाही, 63-62 ने ते पुढे गेले. 2024 ला मुलींच्या सेमीफायनलमध्ये आयोवाविरुद्ध यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) एका पॉइंटने मागे, 3.9 सेकंद बाकी, आणि यूकॉनच्या स्क्रीनवर ऑफेन्सिव्ह फाऊल दिला, मॅच 71-69 ने आयोवाकडे. त्यावर अजून भांडणं होतात, मला स्वतःला तो फाऊल वाटतो, पण मॅचभर तसल्या स्क्रीन सोडल्या असतील तर शेवटी तो देणं यूकॉनच्या पोरींना जाचणारच.

2025-26 पासून मुलांमध्ये कोचला चॅलेंज मिळालंय, बॉल बाहेर कोणाचा गेला, गोलटेंडिंग (बास्केटकडे खाली येणाऱ्या बॉलला हात लावणं), आणि मदतीला आलेला डिफेंडर बास्केटखालच्या कमानीत होता का, एवढ्यापुरतं. हातात टाइमआउट असेल तरच, हरलात तर टाइमआउट जातो, जिंकलात तर आणखी एक चॅलेंज मिळतं. जिथे किंमत मोजावी लागते तिथे कोच विचार करूनच हात वर करतो, म्हणून मला हे आवडलं. नाशिकच्या ताईंनी यंदा शेवटची दोन मिनिटं घड्याळ लावून बघावीत आणि कळवावं.