पर्जन्यमापन सुरू करताना
कोल्हापुरात घरच्या घरी पाऊस मोजण्याचा तुमचा विचार उत्तम आहे. मात्र महागड्या यंत्रापेक्षा जागा आणि वेळ यांकडे आधी लक्ष द्या. पर्जन्यमापक गच्चीच्या कठड्यालगत किंवा झाडाखाली ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. तो मोकळ्या जमिनीवर, जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा. नोंद रोज सकाळी ८.३० वाजताच घ्यावी, कारण हवामान खात्याचा पर्जन्यदिवस, म्हणजे पाऊस मोजण्याचा चोवीस तासांचा दिवस, तेव्हाच बदलतो. कोरड्या दिवशीही शून्य लिहावे, रकाना मोकळा सोडू नये. कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर असलेल्या गगनबावड्याचे कितीतरी मोठे आकडे पाहून आपले यंत्र बिघडल्याची शंका मात्र घेऊ नका, कारण समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच बरेचसे रिते होतात आणि पूर्वेकडे पाऊस झपाट्याने घटत जातो. पाऊस टिपणाऱ्या हवामान रडारची चित्रे वाचणे पहिला पावसाळाभर तरी बाजूला ठेवा.