आपण कृपेखाली आहोत, मग दहा आज्ञा पाळायच्या कशाला?

प्रश्नात तुम्ही रोमकरांस पत्र 6:14 दिलंय, की आपण नियमशास्त्राधीन, म्हणजे मोशेद्वारे मिळालेल्या आज्ञांच्या अधीन नाही, कृपेच्या अधीन आहोत. मग पुढचंच वचन का सोडलंत? पत्र लिहिणारा पौल लगेच विचारतो, म्हणून आपण पाप करावं काय? आणि स्वतःच ठाम नकार देतो. अर्धंच वचन पाठ असलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या नात्यातल्या एकाने माझ्या विधवा मावशीकडून पैसे उसने घेतले होते. पुढे त्याचा बाप्तिस्मा झाला. भर उपासनेत उभं राहून त्याने साक्ष दिली, की ख्रिस्ताने माझं सगळं कर्ज फेडलं. मावशी तिथेच बसली होती. तिला एक पैसाही परत मिळाला नव्हता. नंतर मी त्याला हटकलं, तर म्हणाला, "जुनं ते होऊन गेलं. तू अजून नियमशास्त्रातच अडकलायस." मंडळीच्या वडीलजनांपैकी एकाने त्याचीच री ओढली आणि मला परुशी, म्हणजे येशूच्या काळातल्या कर्मठ नियमवाद्यांसारखा ठरवलं. मावशी म्हणाली, "जाऊ दे रे." माझ्याच्याने नाही गेलं.

लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जक्कय या जकातदाराला येशूने आज्ञा वाचून दाखवल्याचं लूक आपल्या शुभवर्तमानात कुठेच लिहीत नाही. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरला, हीच कृपा. आणि जक्कय काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. नियमशास्त्रात, गणना 5:7 मध्ये, भरपाई म्हणून मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलंय. कृपेने त्याला नियमशास्त्राच्याही पुढे नेलं. आमच्या या नातेवाइकाला तीच कृपा मुद्दलही परत करायला लावत नसेल, तर त्याने नक्की काय स्वीकारलं?

क्रमही बघा. इस्राएल लोक तांबड्या समुद्रातून पार झाले निर्गम 14 मध्ये, आज्ञा मिळाल्या 20 मध्ये. सुटका आधी झाली. सुटलेल्यांनी कसं जगायचं ते मागून सांगितलं. आज्ञा पाळून तारण मिळत नाही, ते मिळाल्यावर आज्ञा रद्दही होत नाहीत.

ज्याच्याकडे खरोखरच फेडायला काही नाही, त्याच्याबद्दल मी बोलत नाही. आमच्या माणसाकडे होतं. आणि नियम पाळल्यानेच देव आपल्याला नीतिमान ठरवील असं मानणाऱ्यांनी गलतीकरांस पत्र वाचावं, तेही तितकेच चुकतात.

शब्बाथाचं, म्हणजे दहा आज्ञांतला विसाव्याचा दिवस पाळायचा का, हेही विचारलंत, त्यासाठी कलस्सै 2:16 पाहा. त्यावरून कोणी कोणाला दोषी ठरवू नये.

पण तुमच्या मंडळीत कोणी साक्ष द्यायला उभा राहणार असेल, तर वडीलजनांनी त्याला आधी विचारावं, कोणाचं देणं बाकी आहे का. असेल तर ते चुकवून ये म्हणावं. वेदीपुढचं अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूनेच सांगितलंय, मत्तय 5 मध्ये. तो काही परुशी नव्हता.