मानशीच्या दारात पाणी का पळते?

प्रश्न : आमची खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून राखलेली) गोव्यात, चोडणला. ओहोटी लागली की शेतातल्या रुंद चरातले पाणी हलतानाही दिसत नाही, पण मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारात तेच पाणी पाय टेकू देत नाही. हा वेग येतो कुठून? मुलगा म्हणतो, ‘कास्तेल्लीचा नियम’. हे गृहस्थ कोण?
– एक शेतकरी, तिसवाडी

उत्तर : मुलाचे बरोबर आहे, पण निम्मेच. चर सहा मीटर रुंद, दार एक मीटर आणि खोली दोन्हीकडे सारखी धरा. चरातून जेवढे पाणी येते तेवढे दारातून गेलेच पाहिजे, मध्ये साठायला जागा नाही. म्हणजे दारात त्याला सहापट पळणे भाग आहे. हाच कास्तेल्लीचा नियम.

बेनेदेत्तो कास्तेल्ली हे इटलीतल्या ब्रेशियाचे बेनेडिक्टाइन साधू, गॅलिलिओचे शिष्य. १६१३पासून पिसाला गणित शिकवत. पुढे पोप आठव्या अर्बनने त्यांना रोमला बोलावून घेतले. तिथे १६२८ मध्ये वाहत्या पाण्याच्या मोजमापावर त्यांचे पुस्तक निघाले. त्या काळचे जाणकार नदीची रुंदी आणि खोली मोजत, गुणाकार करत, की झाले! रेनो नदीचे पाणी पो नदीत सोडले तर पो किती चढेल, यावर बोलोन्या आणि फेर्रारा ही शहरे भांडत होती, तेही असल्याच हिशेबांवर. कास्तेल्ली म्हणाले, वेगही धरा.

हसू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा एका पाटाची रुंदी-खोली लिहून वही ऐटीत पुढे केली होती. साहेबांनी काही न बोलता करंजाचे पान पाण्यात टाकले आणि ते वाहून जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

आता उरलेले निम्मे. पाण्याला ढकलते कोण? चरातली पातळी आणि ओहोटीने उतरलेली खाडी, यांतला फरक. इथे मात्र कास्तेल्ली चुकले. पाण्याची उंची चौपट तर वेगही चौपट, असे त्यांनी धरले होते. तो दुप्पटच होतो, हे दाखवले त्यांच्याच विद्यार्थ्याने, तोरिचेल्लीने, १६४४ मध्ये. गुरुजी आदल्याच वर्षी वारले होते.

मला त्यांचे आवडते काम वेगळेच आहे. १६३९ मध्ये त्रासिमेनो सरोवर आटले होते. पाऊस आला तसे त्यांनी वीतभर उंचीचे काचेचे भांडे तासभर उघड्यावर ठेवले, पाणी किती चढले ते पाहिले, त्यावरून सरोवर किती चढेल याचा अंदाज बांधला आणि गॅलिलिओला पत्राने कळवला. आपण ‘यंदा शंभर इंच झाला’ म्हणतो, ते मोजणे याच जातीचे.

तुमचा चर मोजायचा तर काठावर दहा मीटर अंतराने दोन काठ्या रोवा, नारळाच्या सोडणाचा (वरच्या सालीचा) तुकडा सोडा आणि सेकंद मोजा. वरचे पाणी जरा जास्त पळते, म्हणून आलेल्या वेगातून शेकडा पंधरा वजा करा. मानशीच्या दारात मात्र उतरू नका. आणि भरती लागण्याआधी उरका, नंतर झडपच मिटते.